सिंहांपुढे दुसऱ्यांदा

काबासो आणि त्याचा मेहुणा चिसंगा गवतातून पुढे आले तेव्हा रानरेड्यावर पाच सिंह बसले होते. रेडा काल संध्याकाळी शिकारीला आलेल्या पाहुण्याने मारलेला. शिंगं तेवढी लगेच कापून छावणीत नेली, कारण शिंगं पाहुण्याची. मटण गावाचं, आणि गावाच्या मटणाची कसली आलीय घाई! काट्यांखाली झाकून ठेवलं नि शिकारवाले निघून गेले. सिंहांचं आयतंच फावलं.

या मटणावर काबासोची अब्रू टांगली होती. उद्या त्याच्या सासऱ्याचं सुतक फिटणार, लुआंग्वा नदीच्या दोन्ही काठांवरून माणसं जेवायला येणार. थोरल्या जावयाने भर बैठकीत छाती ठोकून सांगितलं होतं, मटण माझ्याकडे लागलं.

"दाजी, उद्या लोकांना काय वाढणार? शेपूट?" चिसंगाने विचारलं.

"शेपूट तुला राखून ठेवलंय. चल गुमान."

खांद्याला खांदा लावून दोघे सरळ सिंहांवर चालत गेले. हातात कोयते, बस्स. धावायचं नाही, बोलायचं नाही आणि काही झालं तरी थांबायचं नाही, ही त्यांच्या आजा-पणजापासूनची रीत. असं बेधडक अंगावर येणारं माणूस बघून सिंह बिचकतो, उठून बाजूला होतो. पण एकदाच. मग तो झाडीत बसून बघतो, की अरे, हे तर दोघंच आहेत.

सिंह उठले. गुरगुरत, मागे वळून बघत झाडीत गेले.

"दाजी, चड्डी कोरडी आहे ना?" चिसंगा हसत म्हणाला आणि मागच्या तंगडीवर कोयता चालवू लागला. तंगडी सुटते न सुटते तोच मागे उभ्या असलेल्या शिकारीच्या गाडीकडून आरडाओरडा सुरू झाला. हे सगळं टिपायला गाडीत बसलेल्या पाहुण्याचा कॅमेरा म्हणे चालूच झाला नव्हता.

शिकार कंपनीचा डेरेक साहेब बंदूक खांद्यावर टाकून आला. जन्म याच खोऱ्यात गेलेला, त्यांची भाषा त्यांच्यासारखीच बोलायचा.

"पुन्हा एकदा करा रे. सिंह येतील परत, थांबू तासभर."

"साहेब, दुसऱ्यांदा नाही जमत. तुम्हाला का ठाऊक नाही?" काबासो म्हणाला.

"मी मागे बंदूक घेऊन उभा आहे ना? मग?"

"नाही म्हणजे नाही."

"मग तंगडी ठेव खाली. मटण गावाला द्यायचं की नाही, ते मी ठरवतो."

काबासोच्या मस्तकात तिडीक गेली. ज्याचं त्याला द्यायला याच्या बापाचं काय जातं?

चिसंगाने तंगडी खाली टाकली आणि गवताला हात पुसले. "दाजी, सोडा. बाबाच्या सुतकाला भोपळ्याचा पाला वाढू. बाबाला आवडायचाच की. लोक हसतील, तर हसू देत."

"तुला काय होतंय बोलायला! हसतील ते मला. पाला वाढणारा जावई म्हणून जन्मभर हिणवतील."

"म्हणून सिंहांच्या तोंडी जायचं?"

"एकदाच रे. माझ्यासाठी चल."

चिसंगाने कोयता पुन्हा उचलला. "तुम्ही थोरले," एवढंच म्हणाला.

तासाभराने सिंह परतले आणि दोघे पुन्हा निघाले. चार सिंह उठले. फाटक्या कानाची म्हातारी सिंहीण मात्र उठली नाही. तिने डोकं खाली घेतलं आणि शेपूट जमिनीवर आपटलं. ते बघितलं आणि काबासोचा पाय थांबला. एकच पाऊल. शेजारी कुणी उरलं नाही हे चिसंगाला कळलंच नाही. तो शिकवल्याप्रमाणे समोर बघत चालत राहिला. सिंहीण सरळ त्याच्यावर आली. साहेबाची पहिली गोळी मातीत गेली, दुसरी लागली. तोवर चिसंगाचा गळा राहिला नव्हता.

साहेबाने प्रेतावर ताडपत्री घातली आणि काबासोला बाजूला घेतलं. "त्यानेच हट्ट केला, असं रिपोर्टात लिहितो मी. आपण दोघांनीही अडवलं होतं. तू थांबलास ते मी पाहिलंय, काबासो. पण मी कशाला बोलू? समजलं ना?"

काबासोला समजलं. तो हो म्हणाला.

जुनं सुतक फिटायचं राहिलं, नवं लागलं. दफनाच्या दिवशी कंपनीच्या गाडीतून मटण आलं, एका रेड्याचं नव्हे, दोन रेड्यांचं. अख्खं गाव जेवायला बसलं. काबासोची बायको बुपे रडून सुजलेल्या डोळ्यांनी वाढत होती. नवऱ्याच्या ताटात मक्याच्या पिठाच्या न्शिमाच्या गोळ्याशेजारी मटण वाढून ती तिथेच खाली बसली.

"खरं सांगा. तुम्ही नाही अडवलंत त्याला?"

"अडवलं."

"मग?"

"ऐकतोय कोण."

"लहानपणापासून असाच मेला," बुपे कपाळावर हात मारून रडायला लागली. "कधी कुणाचं ऐकलं नाही. एवढ्याशा मटणासाठी जीव घालवला! हट्टी, हट्टी मेला!"

पलीकडच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बुपेने अंगावरच्या कापडाचं टोक डोळ्याला लावलं आणि नवऱ्याच्या ताटात आणखी एक तुकडा घातला. "खा तुम्ही. तुम्ही तरी होतात त्याच्या शेजारी."

"हट्टीच होता," काबासो म्हणाला आणि त्याने तो तुकडा उचलला.