घरच्यांपुरता सिनेमा

गुरुसिद्धप्पांचं पोट शेळीच्या दुधावर चालायचं आणि डोकं कायद्यावर. सोलापूरच्या कोर्टात शिरस्तेदार म्हणून जन्म गेलेला; पेन्शनीत आल्यावरही बायकोशी बोलताना कलमं तोंडात यायची. त्यांना दूध घालायला येणारा बिरप्पा मूळचा मैंदर्गीकडचा धनगर. शहराबाहेर चार शेळ्या, पोरंबाळं आणि म्हातारी आई घेऊन राहिलेला. दोघांची गाठ पडायची ती पायरीवर, चरवी रिकामी होईपर्यंत.

चौऱ्याहत्तर सालचा दसरा नुकता झाला होता. बिरप्पा संध्याकाळी आला तर आतून हसण्याचा कल्ला ऐकू येत होता. त्यानं खिडकीतून डोकावलं. भिंतीवर पांढरी चादर ताणलेली, समोर एक यंत्र घरघरतंय, आणि चादरीवर एक लुकडा माणूस घोंगडं पांघरून मेंढरांच्या कळपात चार पायांवर चाललाय. मागं काठी घेऊन सावकार. सगळी धावपळ मुकाट, एका शब्दाचा आवाज नाही.

हा सिनेमा बिरप्पानं कधी पाहिला नव्हता, पण त्याला तो पाठ होता. त्याच्या आईनं, म्हाळसाबाईनं, लहानपणापासून त्याच्या कानीकपाळी तो सांगितला होता. ती लग्न होऊन आली त्या साली मैंदर्गीच्या माळावर मुंबईची मंडळी क्यामेरा घेऊन आली. यांचीच मेंढरं त्यांनी मागून घेतली आणि तिचा नवरा तात्याबा त्या सिनेमात मेंढका झाला. पुढच्या साली सिनेमा लागला. त्याच साली बिरप्पा जन्मला, पण तात्याबा त्याआधीच तापानं गेला होता. फोटो काढायची त्या घराची ऐपत नव्हती. पन्नाशीला आलेल्या बिरप्पानं बापाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"सायेब, त्यात माजा बाप हाय!" तो खिडकीतूनच ओरडला.

यंत्र खाडकन बंद झालं. गुरुसिद्धप्पा पायरीवर आले. त्यांनी जे सांगितलं ते असं: मुंबईच्या कुणा हौशी माणसाला एका गुदामात ही कुजकी रिळं सापडली. त्यानं ती धुतली, पुसली, तुकड्याला तुकडा जोडला आणि घरच्या यंत्रावर चालतील अशा लहान रिळांवर उतरवून विकायला काढली. जावयानं दसऱ्याची भेट म्हणून ती यंत्रासकट आणून दिली. पण रिळाच्या तोंडालाच पाटी होती – सर्व हक्क राखीव, फक्त घरच्या मंडळींसाठी.

"तू घरचा नाहीस, बिरप्पा. बाहेरच्याला दाखवला तर गुन्हा होईल."

"माज्याच बापाला बगायचा गुन्हा?"

"बाप तुझा, चित्र त्यांचं." एवढं म्हणून गुरुसिद्धप्पा स्वतःच अडखळले. "तसं त्यांचंही नाही म्हणा. काढणारा गेला, त्याच्यामागं कुणी नाही. हा नुसता ठिगळं लावणारा. गोधडी सांधून दिली म्हणून शिंपी काय तिचा मालक होतो? पण कोर्टात काय ठरेल नेम नाही. हे बघ, हा हक्क पन्नास वर्षांचा असतो. एवढं साल सरलं की सिनेमा सगळ्या जगाचा. जानेवारीत आईला घेऊन ये, पाट मांडून बसवतो."

दुधवाल्याला घरात बसवून सिनेमा दाखवला म्हणून कुणी बेड्या घालत नाही. पण जन्मभर ताक फुंकून प्यालेल्या माणसाला हे सांगावं कुणी?

"जानेवारीपातूर तिचा डोळा ऱ्हायला पायजे की," बिरप्पा म्हणाला. म्हाळसाबाईचा एक डोळा केव्हाच गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती हात जोडायची. बिरप्पानं चरवी उचलली.

दारात उभ्या असलेल्या गौरम्मा, गुरुसिद्धप्पांच्या पत्नी, हे ऐकत होत्या.

"री," त्या नवऱ्याला कानडीत हाक मारून म्हणाल्या, "तुम्हाला बहीण नाही. दर भाऊबीजेला पाटाकडं बघून उसासे टाकता. ह्याच्या आईनं तुम्हाला ओवाळलं तर ती घरची की परकी?"

शिरस्तेदारांनी डोक्यातली सगळी कलमं उलटीपालटी केली. एकही आडवं आलं नाही.

"बहीण म्हणजे घरचीच," ते शेवटी म्हणाले.

भाऊबीजेच्या दुपारी म्हाळसाबाई आली ती एकटी नाही. मागं सुना, नातवंडं, मैंदर्गीहून आलेले चुलते-मावसे. "भाऊबीजंला भन येकली येती व्हय?" तिनं विचारलं. सगळ्या लोंढ्यानं "मामा, मामा" करत पायाला हात लावला. बहिणीच्या माणसांना दारातून परत लावायचं कोणत्या तोंडानं?

ताट हातात घेताना मात्र म्हाळसाबाई मागं सरली. "मी पांढऱ्या कपाळाची बाई, आक्का." गौरम्मांनी निरांजन पेटवून ताट तिच्या हातात दिलं. ओवाळून घेताना गुरुसिद्धप्पांचे डोळे पाण्यानं भरले, आणि ते त्यांनी निरांजनाच्या धुरावर ढकललं.

दारं-खिडक्या लावून यंत्र सुरू झालं. पोरं हसून लोळायला लागली. मग मेंढरं आली. लुकडा माणूस मेंढक्याच्या पायात घुसला, मेंढक्यानं घोंगडं उचललं आणि खदखदा हसत थेट समोर पाहिलं. विशीतला पोरगा. मिसरूड फुटलेलं, फेटा तिरका, पुढचे दात फाकलेले. हा आपला बाप? हा तर आपल्या धाकट्याएवढा! त्याला त्या पोराची माया आली, पाठीवरून हात फिरवावासा वाटला.

"आये, बगितलंस?"

म्हाळसाबाई हनुवटीपर्यंत पदर ओढून जमिनीकडं बघत बसली होती.

"मामंजी हैती की रं तितं," ती कुजबुजली.

खरंच, तात्याबाशेजारी, चादरीच्या डाव्या अंगाला पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा काठीवर रेलून उभा होता. तिचा सासरा, बिरप्पाचा आजा. त्याच्यासमोर मान वर करायची नाही, हे तिच्या अंगात नव्या नवरीपणीच मुरलं होतं. म्हातारा मरून जमाना झाला, तरी ते अंगातून गेलं नव्हतं.

गुरुसिद्धप्पांनी रीळ मागं फिरवून पुन्हा लावलं. पुन्हा म्हातारा आला, पुन्हा मान खाली गेली. सुना फिदीफिदी हसल्या, पण म्हाळसाबाई रडत होती. "बगायचं लई मनात हाय रं. मान उचलतच न्हाय, काय करू?"

"सायेब, आनी येकदा लावा."

"मामा म्हण," गुरुसिद्धप्पा खेकसले आणि रीळ फिरवायला लागले.

मेंढरं दिसताच बिरप्पा उठला. चादरीच्या डाव्या कडेला, चादरीकडं पाठ करून उभा राहिला आणि खांद्यावरचं घोंगडं त्यानं दोन्ही हातांनी आडवं धरलं. आजा त्या काळ्या लोकरीत दिसेनासा झाला.

"आता बग आये. मामंजी न्हाईत."

पदर हळूहळू वर सरकला. बिरप्पाच्या पाठीमागं त्याचा बाप हसत होता, पण तो त्याला दिसत नव्हता. यंत्राचा उजेड डोळ्यांत घुसत होता आणि त्या उजेडात समोर फक्त आई दिसत होती. तिनं आधी चोरून पाहिलं, मग नीट पाहिलं, आणि पदराचं टोक दातात धरून ती लाजून हसली. बिरप्पानं तिला शेण काढताना, मेंढरं हाकताना, उपाशी झोपताना पाहिलं होतं. अशी त्यानं तिला कधीच पाहिली नव्हती. अशी ती फक्त त्याच्या बापाला ठाऊक होती.