न पाहिलेला मनोरा

"सरक! बाजूला सरक!"

बाबा ओरडले आणि मी जिन्याच्या भिंतीला चिकटले. गॅसचा नारिंगी सिलिंडर माझ्या बुटांना घासून ठणाणत खाली गेला आणि शेजारणीच्या कुंडीचा चुराडा करून थांबला.

बाबा आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. मूठ आपली आपणच उघडली होती. मी पाहिलं ना!

"आईला सांगायचं नाही," ते म्हणाले. "रविवारपर्यंत तरी नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मानेतला मणका सरकलाय. म्हणे खांद्यावर ओझं घेऊ नका." बाबा हसले. "कुणाला सांगतोय? गॅसवाल्याला!"

पण गॅसचं कुणाला पडलंय? रविवारी आमची जत्रा. चर्चसमोरच्या चौकात माणसांच्या खांद्यांवर माणसं चढून मनोरा उभा करतात. आमच्या मंडळाचे आठ थर लागायचे, नऊ कधीच नाही. सगळ्यात खाली तिघं उभे राहतात, त्यातले एक माझे बाबा, फेलिउ, माझ्या जन्माच्या आधीपासून. भोवती अख्खं गाव दाटून त्यांना आवळून धरतं. तिथून दिसते ती फक्त समोरच्याची मान. वर काय चाललंय ते खालच्यांना सनईवरून कळतं. टोकावरच्या पोराने हात उंचावला की सूर बदलतो, आणि सगळे उतरून सनई थांबेपर्यंत खालच्याने हलायचं नसतं. इतके मनोरे पेलले बाबांनी, एकही पाहिलेला नाही.

"आठ लागले त्या रात्री हा माणूस गात घरी आला होता," आई त्या दिवशी सूप वाढताना म्हणाली. "सकाळी दूध पिताना म्हणतो, नऊ! संपलं. तेव्हापासून ना सण ना सुट्टी. माझ्या बहिणीने दुकानात बसायचं काम दिलं, तर म्हणे बसून पाय नरम पडतील."

"नऊ लागू दे, रेमेई. मग बसतोच की."

"मग दहा म्हणशील."

बाबांनी उजव्या हाताने पाव तोडला. डावा टेबलाखाली होता.

गुरुवारी शेवटचा सराव झाला. मी पाचव्या थरावर असते आणि, खोटं कशाला बोलू, झकास असते! वर्गातली निम्मी मुलं मला बघायलाच येतात. पण त्या दिवशी माझ्या घोट्यांत बारीक थरथर शिरली. ती खालून येत होती. तेवढ्यात ब्रुना माझ्या कंबरपट्ट्यावर पाय देऊन वर चढली. सहा वर्षांची पोर, पुढचे दात पडलेले. टोकावर तीच जाते.

"ओलाया, तू का हलतेस?" तिने माझ्या कानात विचारलं.

"मी नाही हलत."

सराव संपला तशी मी थेट ब्लायकाकांना गाठलं. ते आमचे कप्तान, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. मी सगळं सांगितलं. ते पायरीवरच बसले.

"त्याच्याच जिवावर नऊ लावणार होतो गं."

"काका, वर ब्रुना असते."

रात्री त्यांनीच बाबांना फोन केला. फोन ठेवून बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू सांगितलंस?"

"हो."

"माझ्याच खांद्यावरून वर गेलीस," ते म्हणाले, "आणि वरून मलाच ढकललंस."

मी ताटं उचलून स्वयंपाकघरात गेले.

रविवारी बाबा मंडळाचा शर्ट न घालता इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली, "फेलिउ, मजा आहे तुझी! आज एकदाचा मनोरा दिसेल तुला!" बाबा नुसते हसले. मी माझा काळा कंबरपट्टा घेऊन उभी होते. त्याचं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं आणि आपण गिरक्या घेत तो गुंडाळून घ्यायचा असतो. लहानपणापासून ते टोक बाबाच धरत आले. आजही आले. टोक उजव्या मनगटाला वेढून त्यांनी ताणलं. मी फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचले.

"घट्ट?"

"अजून."

मग चढलो. घोट्यांत थरथर नव्हती. बाबांच्या जागी उभा असलेला कुणी तरणा गडी दगडासारखा होता, आणि त्याचा मला राग आला. ब्रुना माझ्यावरून गेली. सूर बदलला. चौक असा गरजला की कबुतरं उडाली. नऊ!

खाली बघायचं नसतं. मी बघितलं. सगळ्या चौकाचे चेहरे वर होते आणि औषधांच्या दुकानापाशी एकच मान खाली. बाबांची हनुवटी छातीला टेकली होती. खांद्यावरून शर्ट घसरू नये म्हणून खालचे चावून धरतात तशी त्यांनी पांढरी कॉलर दातांत धरली होती. दोन्ही हात समोर, कुणाच्याच खांद्यावर नव्हते.

आम्ही उतरलो. ब्लायकाका रडत होते, लोक ब्रुनाला नाचवत होते, आणि कुणीतरी ओरडलंच, "पुढच्या वर्षी दहा!"

मी गर्दीतून बाबांपाशी पोचले. ते तसेच उभे होते.

"बाबा, उतरलो आम्ही. सगळे."

त्यांनी कॉलर सोडली नाही. सनईवाले आज भान विसरून वाजवतच होते. डावा हात खाली यायला लागला होता. मी तो खालून धरला आणि सनई थांबायची वाट बघत उभी राहिले.