हरभऱ्यातली पलटण

एकोणीसशे बेचाळीसच्या जानेवारीत सरुबाई वडगावजवळच्या आपल्या रानात हरभऱ्याची भाजी खुडत होती. कोट-टोपीतला एक म्हातारा बांधावर आला, "बाई, जरा टेकतो," म्हणाला आणि काखेतली गुंडाळी सोडून त्यानं भलामोठा कागद पसरला. सरुबाई खुडणं सोडून बांधाकडे धावली. देहूरोडला तिच्या भावाची जमीन लष्कराच्या डेपोत गेली, तेव्हाही आधी असाच कागद आला होता. जमीन मोजायच्या खुंट्या मागनं आल्या.

ती वाकून पाहू लागली. हातानं काढून रंगवलेला नकाशा. अक्षर तिला येत नव्हतं, पण ओढा ओळखू आला, ओढ्याचं वळणही ओळखू आलं. आणि त्या वळणात, म्हणजे थेट तिच्या हरभऱ्यात, तांबडे चौकोन मांडलेले.

"ह्ये तांबडं काय वं?"

"पलटणी! इंग्रजांच्या. आणि ह्या बघा तोफा." म्हातारा खुशीत होता. तिचा चेहरा त्याला दिसलाच नाही. कागद समोर असला की शिकलेल्यांचं असंच होतं.

सरुबाईनं फतकल मारली ती त्या कागदावरच. "आता उठवा मला! जीव गेला तरी ह्ये रान द्यायची न्हाई!" म्हणाली आणि रडायला लागली.

म्हातारा म्हणजे वाटवे मास्तर, पुण्याचे पेन्शनर, जुन्या लढायांचं वेड घेतलेले. कुणा गोऱ्या अंमलदारानं वडगावच्या लढाईच्या काळी काढलेला नकाशा त्यांनी डोळे फोडून नकलून घेतला होता. ते हातच जोडू लागले. "अहो, तुमचं रान कुणी मागत नाही! ही लढाई होऊन दीडशेच्या वर वर्षं झाली. उठा हो, चुरगळतोय!"

"मंग ही समदी कुटं हाईत?"

"मराठ्यांनी कोंडली. तह करून, माना खाली घालून मुंबईला परत गेली."

"गेली? खरं सांगताय?"

"देवाशपथ."

सरुबाई उठली. डोळे पुसता पुसता तिला असं हसू फुटलं की आवरेना. छातीवरचा धोंडाच उतरला होता. खुडलेली सगळी भाजी तिनं मास्तरांच्या उपरण्यात ओतली.

हा गलका ऐकून पलीकडच्या वावरातनं तिचा नवरा अंबाजी काठी घेऊन धावत आला. "काय झालं गं?"

"लढाई झाली. इंग्रज आपल्या रानातनं परत गेलं."

"आँ? कवा?"

"लय दिस झालं म्हनं. मला आत्ता कळलं."