मुक्ताबाईच्या दाराचं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. माझी कडी तुटली आहे. पोटाला वितळल्यासारखा काळा डाग आहे. मित्रांनो, हे दोन्ही घाव मला माणसांनी दिले.

शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून रामकिसननं मला विकत घेतलं. तो चिकलठाण्याला कारखान्यात नवाच लागला होता. नुकतंच लग्न झालेलं. वैजापूरकडच्या त्याच्या गावी, बौद्धवाड्यातल्या घराला त्यानं मला लावलं आणि किल्ली बायकोच्या, मुक्ताबाईच्या हातात दिली. तिनं मला पदरानं पुसलं. मला फार अभिमान वाटला.

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावं पेटली. आमच्या वाड्यावर भरदिवसा जमाव चालून आला. रामकिसन दारात आडवा उभा राहिला, तर कुणीतरी त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड घातली. मुक्ताबाईनं त्याला ओढत मागच्या वाटेनं नेलं. मी दारासकट जळालो. छप्पर माझ्यावर कोसळलं. घरातले कागद, लग्नाचा एकुलता एक फोटो, सगळं राख झालं. निवल्यावर मुक्ताबाईनं राखेतून मला उचललं. तेवढंच उरलं होतं.

त्या दोघांना बानाबाईनं आपल्या मेंढरांच्या वाड्यात लपवलं होतं, म्हणून ते वाचले. बानाबाई त्याच गावच्या धनगराची, मुक्ताबाईच्याच वयाची, एकटी विधवा.

पुढं दोघं शहरात आली. पुंडलिकनगरात त्यांनी दोन खोल्या बांधल्या आणि मला पुन्हा दार मिळालं. मूलबाळ नव्हतं, तरी बरी वर्षं होती ती. पण एके दिवशी कारखान्यात बॉयलर फुटला. रामकिसन घरी आला तो पांढऱ्या कापडात बांधलेला. त्याचं तोंडही मुक्ताबाईला बघू दिलं नाही.

त्याचा सावत्र भाऊ कडुबा गाव जळाल्यावर नाशिककडं गेला होता. तो कधी भेटायलाही आला नव्हता. आता कारखाने वाढले होते, जागेला भाव आला होता. तो दोन माणसं आणि घण घेऊन आला. मुक्ताबाई मला लावून दाराशी आडवी उभी राहिली.

"सरक! तू माझ्या भावाची लग्नाची बायको नायच," कडुबा ओरडला. "ठेवलेली बाई तू. घर माझं हाय."

"लग्नाला तू व्हतास की रे कडुबा! पुढं बसून जेवलास!"

त्यानं तिच्या तोंडावर ठोसा मारला. तिचे दात रस्त्यावर पडले. घणाच्या घावानं माझी कडी तुटली आणि मी खाली आदळलो. मुक्ताबाईनं मला मुठीत धरलं आणि त्याच्या कपाळावर हाणलं. त्याच्या रक्तानं मी भिजलो. शेजारी धावले, पोलीस आले. त्या दिवशी घर वाचलं, पण भांडण कोर्टात गेलं.

वकील म्हणाले, "वारस दाखला हवा. रेशनकार्ड जळितानंतरचं आहे, त्यावर ते शंका काढतील. लग्न डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आणा."

मुक्ताबाईचे आईबाप गेले होते. वाड्यातली माणसं कुठं कुठं पांगली होती. ती गावी बानाबाईकडं गेली. बानाबाई एवढंच म्हणाली, "येते."

ही बातमी गावात पसरली. ही कोर्टात उभी राहिली, तर जळिताचंही बोलेल, अशी काहींना धास्ती वाटली. त्यांनी बानाबाईला रानात गाठून काठ्यांनी झोडपलं. तारखेला ती आली, तेव्हा तिचा हात गळ्यात बांधलेला होता.

मी मुक्ताबाईच्या पिशवीत होतो. सगळं ऐकत होतो.

"तुम्ही धनगर. त्यांच्या लग्नात तुमचं काय काम?" कडुबाच्या वकिलानं विचारलं.

"काम काय नव्हतं साहेब. मांडवात गेले नाय, खोटं कशाला बोलू? बांधावर मेंढरं व्हती, तिथून बघितलं. नवरा हाच, नवरी हीच. हा कडुबा नवरदेवाच्या शेजारी व्हता, नवी टोपी घालून."

"कुणी शिकवलं हे बोलायला?"

"शिकवायला नाय कुणी आलं. बोलू नको म्हनून सांगायला आले व्हते." तिनं बांधलेला हात पुढं केला.

निकाल मुक्ताबाईच्या बाजूनं लागला. घर तिचं झालं. पण त्याच आठवड्यात बानाबाईचा वाडा कुणीतरी पेटवला. मेंढरं आत कोंडलेली होती. एकही वाचलं नाही. मुक्ताबाई जाऊन तिला घेऊन आली. त्या दिवसापासून दोघी एकाच चुलीवर रांधतात.

परवा मुक्ताबाईनं मृत्युपत्र केलं. घर बानाबाईच्या नावे. लिहिणाऱ्यानं विचारलं, "तुमचं यांच्याशी नातं काय लिहू?"



"साक्षीदार लिवा," मुक्ताबाई म्हणाली.

"अहो, हे नातं होत नाही."

"मग बहीन लिवा. पर खरं ते पैलं."

मित्रांनो, आता मी खिडकीत पडून आहे. मला कुणी दुरुस्त करायला नेलं नाही, त्याचं दुःख नाही. तुमच्या घरच्या माणसांना मात्र सांगा, जिवंतपणीच आपल्या माणसांच्या नावचे कागद करून ठेवा. आणि कधी कुणाच्या बाजूनं खरं सांगायची वेळ आली, तर मार खावा लागला तरी जा. पितळ फार काळ कुणाला राखू शकत नाही.