खोकडासाठी दिवा

"पसरट उजेडाचा नगं, लांब फेकणारा दिवा दावा. डोळ्यावर पडला की खोकड जागीच थिजलं पायजे," जोतीराम म्हणाला.

लासुर्ण्याच्या दुकानात बादशाहने कपाळाला बांधायचे दोन-तीन दिवे काढून ठेवले. दिवा कपाळाला, बॅटरीचा डबा कमरेला. उसाला रात्रीचं पाणी द्यायला जाणारे त्याच्याकडूनच नेत, कारण डबे तो स्वतः सेल जोडून बांधायचा. कळसच्या जोतीरामला मात्र दिवा हवा होता शिकारीला. त्याची कोकरं जात होती, आणि संशय माळावरच्या खोकडावर, त्या लहानग्या कोल्ह्यावर होता. खोकड धरायला मेंढवाड्याची जुनी जाळीही त्याने बाहेर काढली होती.

"तात्या, खोकड उंदरावर जगतं. कोकरं लांडग्यानं न्हेली आसतील."

"तुमी बॅटऱ्या जोडा, बादशाभाई. जनावरं मला नगा शिकवू."

घरी जाताना बादशाहला त्याच माळावर खोकडाची एक मादी रोज दिसायची. मांजराहून जराशी मोठी, बिळाच्या तोंडाशी पिल्लं घेऊन बसलेली. तिच्यात त्याचा जीव गुंतला होता. गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणणं मात्र त्याला कधी जमलं नाही. मग त्याने आपल्या परीने तोड काढली आणि डब्यात जुन्या लॅपटॉपमधले दमलेले सेल घातले. दुकानात दिवा लख्ख पेटला. माळावर तो तासाभरात मावळेल, तात्या शिव्या घालत घरी जाईल, पिल्लांची आई वाचेल. शिव्या खायची त्याची तयारी होती.

शिव्या द्यायला तात्या आलाच नाही. शेततळ्यात पडून गेला, एवढंच बादशाहच्या कानावर आलं.

पंधरवड्याने, दुपारच्या उन्हात, जोतीरामची बायको सारजा आली. कपाळ मोकळं. तिने दिवा आणि डबा त्याच्यापुढे ठेवला.

"पोरगा नागेश हुता त्यांच्या संगं. म्हनला, खोकडामागं पळताना दिवा गेला आन् आबा दिसंनात. तळ्याचा प्लास्टिकचा कागद लई निसरडा. वर यायला न्हाय आलं." तिने डब्यावर बोट ठेवलं. "पान्यानं खराब झालाय. नीट करून द्या. कोकरं आता मलाच राखायचीत."

बादशाहने डबा उघडला. आतून गढूळ पाणी सांडलं. गप्प बसला असता तरी कुणी विचारणार नव्हतं.

"पान्यानं न्हाय, वहिनी. दिवा आधीच गेला हुता. सेल मीच मेलेले घातले. खोकड वाचावं म्हनून."

सारजाने वाकून डब्यात पाहिलं.

"निगताना मी म्हनलं, लांब जाऊ नगा," ती म्हणाली. "तर म्हनले, बादशाभाईचा डबा हाय. पहाटंपतूर मरायचा न्हाय."

बादशाहने डब्यातले जुने सेल उपसून काढले.

"आता चांगले घाला," ती म्हणाली.

त्याने नवे सेल जोडले. एकेक तार दोनदा ओढून पाहिली. दिवा पेटवून त्याने तिच्यापुढे धरला आणि विझवायला बोट नेलं.

"ऱ्हाऊ द्या पेटलेला. किती टिकतोय बघते."

ती दिवा घेऊन दुकानाच्या पायरीवर बसली. बादशाहने पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. तिने त्याला हात लावला नाही. ऊन उतरलं, समोरून उसाचे ट्रॅक्टर गेले. त्याने दुकानाचं शटर ओढलं, तरी ती तिथेच होती, मांडीवरच्या पेटत्या दिव्यावर नजर ठेवून.