ओइवाचा खडक, ताउनोचा खडक

ताउनो आणि ओइवा हे सख्खे भाऊ. हौकिलाच्या तळ्याच्या दोन काठांवर समोरासमोर राहतात. वडील गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा थोरल्या ताउनोने तळ्याकाठची सपाट जमीन घेतली आणि धाकट्या ओइवाच्या वाट्याला पलीकडचा खडकाळ उंचवटा आला. तिथे पाइनची झाडंसुद्धा खुरटी. ओइवा काही बोलला नाही. खडकावरच घर बांधलं, मागे सौना, म्हणजे वाफेची न्हाणी बांधली आणि आयुष्यभर लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिला.

मग मी तिथे जाऊन पोचले. मी राकेल, ओउलू शहरातल्या एका प्रयोगशाळेत जुने खडक तपासते. पृथ्वीचं कवच कधी आणि कशातून घडत गेलं, हे शोधणं माझं काम. ओइवाच्या करड्या, पट्टेदार दगडाचे मी चार-पाच ठिकाणचे नमुने नेले. दगड भरडला की त्यात झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण मिळतात, मिठाच्या कणाहून लहान. कण जन्मताना त्यात थोडं युरेनियम अडकतं आणि आपल्या ठरलेल्या गतीने त्याचं शिसं होत जातं. किती झालं ते मोजलं की कणाचं वय कळतं. ओइवाच्या खडकाचं वय निघालं साडेतीनशे कोटी वर्षं. देशात आम्ही मोजलेल्या खडकांत इतका जुना कुठलाच नव्हता.

पेपरात ओइवाचा फोटो आला. रस्त्यावर बाणाची पाटी लागली. उन्हाळ्यात शाळांच्या बस यायला लागल्या आणि ओइवा इस्त्री केलेला शर्ट घालून अंगणात उभा राहायला लागला. "बसा की त्याच्यावर," तो पोरांना म्हणायचा, "फक्त उड्या मारू नका, म्हातारा आहे तो."

हे सगळं समोरच्या काठावरून दिसत होतं. ताउनोची बायको साइमी मला म्हणाली, "पक्षी बघायला म्हणून दुर्बीण घेतली होती यांनी. आता सकाळपासून बस बघतात. अन् कॉफी पिताना ओइवाचं नाव निघालं की कप असा आपटतात, की दुसरा सेट आणायची वेळ आलीये."

ऑगस्टमध्ये ताउनो स्वतः गाडी चालवत ओउलूला आला. पाव गुंडाळावा तसा कापडात गुंडाळलेला दगड त्याने माझ्या टेबलावर ठेवला.

"माझ्या विहिरीतला आहे. खणताना निघाला होता. मोज."

"मी येऊन जागेवरून घेते ना. तशीच पद्धत आहे आमची."

"विहीर भरलीये पाण्याने. पोहत जाणार आहेस का तळाला?" तो म्हणाला. "त्याच्याकडे चारदा गेलीस. माझ्याकडे एकदा तरी आलीस?"

खरं सांगायचं तर मला मोह पडला. दगड दिसायला थेट ओइवाच्या खडकासारखा होता. तो खरोखर ताउनोच्या विहिरीतला असेल, तर तो प्राचीन तुकडा तळ्याखालून पलीकडे पसरलेला आहे, आणि माझा नकाशा दुपटीने मोठा होणार होता.

वय तेच आलं, साडेतीनशे कोटी. दोन दिवस मी हवेत होते. मग दगडाच्या रासायनिक तपासणीचा निकाल आला आणि मी खुर्चीत बसूनच राहिले. एकाच खडकात चार हातांवर बेरियम, रुबिडियम, पोटॅशियम यांचं प्रमाण थोडंफार बदलतं. ओइवाच्या सौनामागे एक जागा होती, तिथे कधीकाळी गरम पाणी दगडात मुरून बेरियम भलतंच वाढलेलं होतं. ताउनोच्या दगडाचे आकडे त्या जागेशी तंतोतंत जुळत होते, अगदी दुर्मीळ मूलद्रव्यांपर्यंत. दोन किलोमीटरवरच्या विहिरीत असं घडत नाही.

मी त्याला फोन केला नाही, सरळ गेले. ताउनो धक्क्यावर जाळं सोडवत बसला होता. मी काठावरच्या गुलाबी खडकावर हातोडा मारला, एक तुकडा काढला आणि पिशवीत टाकला.

"तो कशाला?" तो म्हणाला. "चांगला दिलाय की तुला."

"तुम्ही दिलेला सौनामागचा होता."

त्याने जाळं खाली ठेवलं नाही. बराच वेळ एकच गाठ सोडवत राहिला.

"ओइवा बाजारात गेला होता तेव्हा मी नावेने तिकडे गेलो," तो शेवटी म्हणाला. "सत्तरीत चोरी करायला गेलो, ती पण दगडाची. पोरी, तुला कळणार नाही. सगळं चांगलं ते माझ्याकडे होतं. गाव माझ्याकडे यायचं. आता दुकानात मला विचारतात, तुम्ही त्या ओइवाचे भाऊ ना?"

"त्यांना सांगणार आहात?"

"तू सांगणार आहेस?"

"मी माझ्या कागदांतून तो नमुना काढून टाकणार आहे. बाकी तुमच्या घरातलं तुम्ही बघा."

काठावरच्या दगडाचा निकाल सप्टेंबरात आला. फोनवर सांगितला असता, पण साइमीने आग्रहाने बोलावलं, आणि मला न विचारता ओइवालाही बोलावलं. टेबलावर राय धान्याचा काळा पाव, खारवलेला मासा, वेलदोड्याचे गोड बन. दोघे भाऊ टेबलाच्या दोन टोकांना.

"दोनशे सत्तर कोटी," मी म्हणाले.

ताउनोने मान डोलावली. एवढा आकडा त्याला चालण्यासारखा वाटला असावा. पण मला पुढचंही सांगणं भाग होतं. "हा खडक पृथ्वीच्या पोटातून नव्याने वर आलेला नाही. याच्या रसायनात दिसतं, की आधीचं जुनं कवच खोल जाऊन वितळलं आणि त्यातून हा तयार झाला. काही झिरकॉनच्या गाभ्यात जुना कण तसाच राहिलाय, साडेतीनशे कोटींचा."

"जुनं कवच म्हणजे?" ताउनोने विचारलं.

"पलीकडच्यासारखं."

"म्हणजे माझा खडक याच्या खडकाच्या पोटचा?"

ओइवाला हसू आवरेना. तो बन हातात धरून इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. ताउनो लालबुंद झाला, उठला, दारापर्यंत गेला. तिथे पाठमोराच उभा राहून म्हणाला, "सौनामागचा तुकडा मी फोडला. माझा म्हणून हिला दिला."

हसणं थांबलं. साइमीने हातातली किटली स्टोव्हवर ठेवून दिली.

"मला वाटलं, बसमधल्या कुणीतरी नेला," ओइवा म्हणाला. "एका मास्तरला तर मी झापलं त्यावरून." मग हातातला बन ताटलीत ठेवून म्हणाला, "ताउनो, चाळीस वर्षं माझ्या खिडकीतून मला तुझी बार्ली दिसते. पिकायला लागली की मी पडदा ओढायचो. एकदाही तुला बोललो नाही. मला हा एक उन्हाळा तरी सुखाने घेऊ द्यायचास."

"बोलायचं होतंस," ताउनो म्हणाला.

"बोललो असतो तर जमीन दिली असतीस?"

"नसती दिली."

खोटं तरी तो बोलला नाही. ओइवा उठला, दारातल्या भावाला वळसा घालून निघून गेला, आणि थोड्या वेळाने नावेचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. त्या हिवाळ्यात दोघे एकमेकांकडे गेले नाहीत. साइमी तेवढी तळं गोठल्यावर चालत पलीकडे जाऊन बन देऊन यायची.

पुढच्या जूनमध्ये पूर्वेकडच्या एका तालुक्यात दुसऱ्या गटाला आणखी जुना खडक सापडला, सहा कोटी वर्षांनी जास्त. बातमी संध्याकाळी लागली आणि सकाळी माझा फोन वाजला. ताउनो होता, आणि मागून कुणीतरी सारखं त्याला काहीतरी सांगत होतं. तो ओइवाचा आवाज होता.

"ही माणसं कोण?" ताउनोने विचारलं. "विश्वासातली आहेत का?"

"चांगली आहेत. त्यांचं काम मी बघितलंय."

"यंत्र चुकू शकतं ना? विचार तिला, यंत्र चुकू शकतं ना," मागून ओइवा.

"इतकं नाही चुकत."

"मग आमच्या खडकाचं वय परत मोज," ताउनो म्हणाला. "खोलवरचा घे. जिथला पाहिजे तिथला घे. सौना पाडायला लागली तर ओइवा पाडेल."

"पाडीन!" मागून ओरडला.

मी त्यांना समजावलं, की खोलवरचा घेऊनही सहा कोटी वाढणार नाहीत. ते दोघांनाही पटलं नाही. फोन ठेवताना ताउनो त्या पूर्वेकडच्या लोकांबद्दल काहीतरी असं म्हणाला, जे मी इथे लिहिणार नाही.