बेंबी नसलेली गोटी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची गोटी आहे. अंगाने दुधासारखी पांढरी. त्यावर काळपट तांबडा पट्टा वळसा घालून जातो आणि त्याला चिकटून एक बारीक हिरवी रेघ. कोणी मला उजेडाकडे धरले की माझ्या काळजात धस्स व्हायचे. तुम्ही म्हणाल, गोटीला कसले आले काळीज! पण सहासष्ट वर्षे एक खोटे पोटात घेऊन जगणाऱ्याला विचारा.

माझा जन्म यंत्रावर झाला. भट्टीतून वितळलेल्या काचेची धार खाली यायची, कात्री तिचे तुकडे करायची आणि खोबणीच्या दोन फिरत्या रुळांवरून घरंगळत, गार होत आम्ही गोल व्हायचो. मला हजारो बहिणी होत्या. आमच्या अंगाला कोणा माणसाचा हात लागला नाही. पोत्यातून आम्ही एका दुकानात गेलो आणि तिथल्या बरणीत पडून राहिलो.

एके दुपारी अकरा वर्षांची एक मुलगी धापा टाकत दुकानात आली. रडून डोळे सुजले होते, उजवा हात खांद्यापर्यंत चिखलाने माखला होता. तिने अख्खी बरणी फरशीवर पालथी केली आणि एकेक गोटी पाहू लागली.

“अगं, सगळ्या सारख्याच आहेत!” दुकानदारीण ओरडली.

“नाहीत,” मुलगी म्हणाली. शेवटी तिने मला उचलले. वेण्यांच्या दोन्ही रिबिनी सोडून दुकानदारणीच्या हातात दिल्या आणि ती मोकळ्या केसांनी पळत सुटली. वाटेत तिने मला तोंडाजवळ धरून बजावले, “आजपासून तू बाबांनी बनवलेली गोटी. कळलं? छोटीला काही सांगायचं नाही.” जणू मला जीभच होती!

हळूहळू सारा प्रकार माझ्या लक्षात आला. तिचे बाबा काच कारखान्यात कंदिलाच्या काचा फुंकायचे. एकदा उरलेल्या रंगीत काचेतून त्यांनी धाकट्या लेकीसाठी हाताने एक गोटी बनवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत छातीच्या आजाराने ते गेले. छोटी तेव्हा तीन वर्षांची होती. बाबांचा चेहराही तिला आठवत नव्हता, हाताशी फक्त ती गोटी. आणि तीच गोटी मला आणणाऱ्या मुलीने, म्हणजे तिच्या ताईने, न विचारता खेळायला नेली आणि ती गटाराच्या जाळीतून आत गेली. मी दिसायला तिच्यासारखीच होते. रिबिनींसाठी आईचा मार खाल्ला, पण ताईने तोंड उघडले नाही.

मग माझे खोटे सुख सुरू झाले. छोटी मला उशाशी घेऊन झोपायची. परीक्षेला मी तिच्या रुमालाच्या गाठीत असायचे. पुढे ती नर्स झाली तेव्हा मी तिच्या गणवेशाच्या खिशात बसून वॉर्डभर हिंडले. घाबरलेल्या रुग्णाच्या मुठीत ती मला द्यायची आणि म्हणायची, “घट्ट धरा. माझ्या वडिलांच्या हातची आहे.” माणसे मला धरून सुया टोचून घ्यायची. सगळे कौतुक करायचे. मला मात्र कौतुक ऐकले की धडकी भरायची. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ना, तसे.

मधली बरीच वर्षे मी बटणांच्या डब्यात काढली. छोटीचे लग्न झाले, मुले झाली, घरे बदलली. डब्यातल्या अंधारात कोणी विचारत नव्हते. खरे सांगू? मला ते बरे वाटायचे. ज्याला ओळख लपवायची असते त्याला विसरलेले राहणे फार सोयीचे असते.

एका गोष्टीचे मात्र मला नवल वाटे. ताई भेटायला आली आणि छोटीने “बाबा कसे होते गं?” असे विचारले की ताई म्हणायची, “चांगले होते. चहात साखर कमी पडली बघ.” दरवेळी असेच. चहा, हवा, गुडघेदुखी. छोटीने पुढे विचारणेच सोडले.

आणि मग मागच्या वर्षी ती बातमी आली. बंद पडलेल्या त्या काच कारखान्याच्या कामगारांनी बनवलेल्या वस्तूंचे प्रदर्शन भरणार होते. छोटीने बटणांचा डबा पलंगावर उपडा केला, मला ओल्या फडक्याने पुसले आणि ताईला फोन लावला.

“ताई, बाबांच्या नावाची पाटी लागेल गं! काचेच्या कपाटात!”

फोनमधून ताईचा आवाज आला, “कशाला उगाच? हरवून टाकतील ते लोक.”

“तपासून पावती देतात. तू येतेस का?”

मग ताई म्हणाली, “येते.”

तपासणीची खोली लहान होती. हिरव्या कापडाचे टेबल, मान वाकवता येईल असा दिवा, भिंतीला चिकटून उथळ ड्रॉवरचे कपाट. जुन्या काचेच्या वस्तू ओळखणाऱ्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यात भिंग लटकत होते, म्हणून सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. त्यांनी मला बोटांत फिरवले. दिव्याची ऊब माझ्या अंगाला लागत होती आणि मी आतून गार पडले होते.

“रंग सुरेख आहेत,” भिंगबाई म्हणाल्या. मग त्यांनी दिवा बंद करून एक जांभळ्या उजेडाची बॅटरी माझ्यावर धरली. माझी हिरवी रेघ काजव्यासारखी पेटली. छोटी लहान मुलीसारखी टाळ्या पिटू लागली.

“या काचेचा गुण आहे तो,” बाई हसल्या. “पण मी शोधतेय बेंबी.”

“गोटीला बेंबी?” छोटीने विचारले.

“हाताने बनवलेल्या गोटीला असते. काचेच्या कांडीच्या टोकाला गोटी घडवतात आणि कापून सुटी करतात. कापलं तिथं खरखरीत खूण राहते. बाळाची नाळ कापल्यासारखी. तुमच्या गोटीला ती सापडत नाहीये.”

“झिजली असेल. किती वर्षं हाताळलीय मी!”

“हाताळून जात नाही. पण कोणी यंत्रावर घासून पॉलिश केली असेल तर जाते. पुष्कळ लोक चकाकी यावी म्हणून करतात आणि सगळी ओळखच पुसून टाकतात.” भिंगबाईंनी भिंग खाली ठेवले. “ही कधी पॉलिश केली होती का? तसं असेल तर तुमच्या सांगण्यावर मी वडिलांचं नाव लिहून घेईन.”

छोटीने ताईकडे पाहिले. “ताई, तुला माहीत असेल. मी तेव्हा लहान होते. केली होती का गं?”

मित्रांनो, एका शब्दात सुटका होती. नुसते ‘हो’ म्हणायचे. पाटी लागली असती, छोटी आनंदाने घरी गेली असती आणि मी काचेच्या कपाटात कायमची बाबांची गोटी झाले असते. म्हण ना ताई, हो म्हण, असे मी मनात ओरडत होते. ताईने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

“नाही,” ती म्हणाली. “पॉलिश नाही केली. ती बाबांची नाहीच.”

मग तिने सगळे सांगितले. जाळी, गटार, बरणी, रिबिनी. भिंगबाईंनी हलक्या हाताने मला वळवले आणि पट्टा जिथे मुडपला होता ती केसाएवढी शिवण दाखवली. “यंत्राची कात्री इथं लागते. वाईट वाटून घेऊ नका. हे तीन रंग असे एकत्र गोट्यांच्या एकाच कारखान्याने वापरले आणि तेही थोडीच वर्षं. गोट्या जमवणारे ही बघून हरखतील.”

छोटीला ते ऐकूच गेले नसावे. “म्हणजे इतकी वर्षं मी बाबा समजून बाजारातली गोटी कुरवाळली?” ती उठली. “माणसं मरताना हिला धरून होती, ताई. मी त्यांच्याशीही खोटं बोलले.”

“बाबांच्या नावाची पाटी हिच्याखाली लागली असती,” ताई कशीबशी म्हणाली. “ते मला बघवलं नसतं.”

छोटी निघून गेली. मला टेबलावरच टाकून गेली. ताईने मला आपल्या पिशवीत घेतले.

अठरा दिवस फोन वाजला नाही. मी ताईच्या खिडकीत औषधांच्या पाकिटांशेजारी पडून होते. ताई जेवायला बसायची आणि ताटावरून उठायची. चहा कपात थंड व्हायचा. मला वाटे, मी त्या दिवशी बरणीच्या तळाशी का नाही लपले? एकोणिसाव्या दिवशी तिने मला उचलले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढून छोटीचे दार वाजवले.

“काय आणलंस आता?” छोटी दारातच म्हणाली. “आणखी एक गोटी?”

“नाही गं. बाबांबद्दल जेवढं आठवतंय तेवढं सांगायला आले.” ताईला दम लागला होता. “बाबांचं नाव निघालं की गोटीचं निघेल, या भीतीनं मी कधी बोललेच नाही. आणि आता मी विसरायला लागलेय.”

छोटीने दारावरचा हात काढला. मग बाजूला झाली.

“त्यांची डावी भुवई भट्टीनं जळालेली असायची,” ताईने सुरुवात केली. “गाणं बेसूर म्हणायचे आणि दाद मागायचे. कारखान्यातून आले की आधी हात धुवायचे, मगच तुला उचलायचे. तू त्यांच्या चपलांत पाय घालून घरभर फटक फटक करायचीस.”

“मी?”

“तूच. ते मुद्दाम चपला शोधायचे.”

छोटीने डोळे पुसले आणि एक कोरी वही काढली. “मी अजून रागावलेय तुझ्यावर,” ती म्हणाली.

“राहा. पण लिही.”

पंख्याने पाने उडू लागली तेव्हा छोटीने मला वहीच्या मधल्या घडीत ठेवले. तेव्हापासून माझी जागा तीच. ताई दर बुधवारी येते. आता मला कोणी बाबांची गोटी म्हणत नाही. माझी भीती गेली, असे मात्र समजू नका. ती फक्त बदलली आहे. गेल्या बुधवारी ताई बोलता बोलता थांबली. बाबा छोटीला लाडाने कोणत्या नावाने हाक मारायचे, ते तिला काही केल्या आठवेना. वहीची बरीच पाने अजून कोरी आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी गोटी, दौत, कुलूप पडलेले असेल. त्याला घासून चकचकीत करायची घाई करू नका, त्याच्या खुणा राहू द्या. आणि ते कोणाचे, कसे आले, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. उत्तर मनासारखे नसले तरी ऐकून घ्या. पण सुट्टीत विचारू, सावकाश विचारू, असे म्हणू नका. आज घरी गेल्यावर विचारा.